शंभर डॉलरचा कॅमेरा आणि पाच हजार हिमकण: विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना असे फोटो तुमच्यासमोरही आले असतील. मुंगीचा डोळा, फुलपाखराच्या पंखावरचे कौलांसारखे रचलेले खवले, नाहीतर काळ्या लोकरीच्या धाग्यावर अलगद टेकलेला बर्फाचा एकच कण. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, कॅमेरा कोणता? उत्तर मात्र बऱ्याचदा चक्रावून टाकणारं असतं. कॅमेरा आजचा, पण लेन्स चाळीस-पन्नास वर्षं जुनी. आणि तीसुद्धा उलटी लावलेली.

मॉस्कोतल्या एका फोटोग्राफरने काढलेले हिमकणांचे फोटो काही वर्षांपूर्वी जगभर व्हायरल झाले होते. त्याच्याकडे होता खिशात मावेल असा साधा डिजिटल कॅमेरा. त्याच्यापुढे त्याने सोव्हिएत काळातली हेलिओस ४४ ही लेन्स उलटी बसवली आणि सगळी जोडणी लाकडाच्या फळीवर पक्की केली. बस्स, एवढंच.

याला म्हणतात एक्स्ट्रीम मॅक्रो फोटोग्राफी. म्हणजे वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे, त्याहून मोठी तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पाडायची.

पण हिमकण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सहा पाकळ्यांची नाजूक चांदणी येते, ती कुणामुळे? ग्रीटिंग कार्डावर, स्वेटरवर, फ्रीजच्या बटणावर, मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये दिसणारी ती चांदणी लोकांच्या डोक्यात पक्की बसवण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याकडे जातं. तो दहा-बारा इयत्ता शिकला नव्हता. त्याच्याकडे वीज नव्हती, लॅब नव्हती. होता फक्त एक मायक्रोस्कोप, एक कॅमेरा आणि भरपूर बर्फ.

त्याचं नाव विल्सन ॲल्विन बेंटली.

आईचा मायक्रोस्कोप

बेंटलीचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ चा. गाव जेरिको, राज्य व्हरमाँट. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं हे डोंगराळ राज्य. जेरिकोच्या आसपास वर्षाला सरासरी १२० इंच बर्फ पडतो. म्हणजे एका हिवाळ्यात पडलेला सगळा बर्फ एकावर एक रचला, तर घराचा पहिला मजला झाकला जाईल.

घरचा धंदा शेतीचा आणि दुधाचा. आई फॅनी लग्नाआधी शाळेत शिकवायची. विल्सनला तिने चौदा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकवलं. घरात ज्ञानकोशाचे खंड होते, ते पोराने वाचून काढले. आणि आईकडे तिच्या शिक्षिकेच्या दिवसांतला एक छोटा मायक्रोस्कोप होता.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो विल्सनच्या हातात आला. बाकीची पोरं बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत होती, तेव्हा हा त्यातला एक कण काचेवर घेऊन भिंगाखाली बघत होता. जे दिसलं त्याने तो पुरता वेडा झाला. आभाळातून पडणारा तो पांढरा भुगा म्हणजे भुगा नव्हताच. प्रत्येक कण सहा बाजूंचा, प्रत्येकाची नक्षी वेगळी.

मग त्याने ती नक्षी कागदावर उतरवायला घेतली. सलग तीन हिवाळे तो चित्रं काढत राहिला. अडचण एकच होती. एक बाजू काढून होईपर्यंत कण विरघळायचा. तो कण पुन्हा कधी दिसणार नव्हता आणि त्याची नोंद कुठेच राहणार नव्हती.

ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. चित्र काढण्याइतका वेळ हिमकण देत नाही, म्हणजे फोटोच काढायला हवा.

बापाचे शंभर डॉलर

मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून फोटो काढता येतात, हे त्याने वाचलं होतं. पण असा कॅमेरा आणि चांगला मायक्रोस्कोप मिळून खर्च होता शंभर डॉलर. १८८० च्या दशकात दूध विकून जगणाऱ्या घरासाठी ही छोटी रक्कम नव्हती.

वडील एडविन यांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. शेतावर हात कमी पडत असताना मुलगा बर्फ बघत बसतो, हे कुठल्या शेतकऱ्याला आवडेल? पण आईने मुलाची बाजू घेतली. मुलगा सतरा वर्षांचा असताना वडिलांनी पैसे मोजले. मत मात्र बदललं नाही.

हा कॅमेरा आजच्यासारखा हातात धरायचा नव्हता. लाकडी चौकट आणि मध्ये हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता. भात्याच्या एका टोकाला मायक्रोस्कोप, दुसऱ्या टोकाला काचेची प्लेट. तेव्हा फिल्म सर्रास मिळत नव्हती, रसायनाचा थर दिलेल्या काचेवरच फोटो उमटायचा.

भाता जितका लांब ताणाल, तितकी प्रतिमा मोठी होते. पण भाता ताणला की दुसरं संकट यायचं. प्रतिमा नीट दिसते का, हे बघायला बेंटली मागच्या टोकाला उभा राहायचा आणि फोकसचा स्क्रू असायचा पुढच्या टोकाला. हात पोचायचाच नाही. शेवटी त्याने दोरी आणि चाकं लावून मागून फोकस फिरवायची सोय केली.

तरी फोटो येत नव्हते. प्रतिमा धूसर, कडा पुसट. शिकवायला कुणी नाही. जवळच्या गावात हे काम करणारा दुसरा माणूस नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला.

अखेर त्याला मेख सापडली. मायक्रोस्कोपच्या लेन्समागे त्याने अगदी बारीक भोकाची एक चकती बसवली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने ॲपर्चर लहान केलं. भोक लहान झालं की प्रकाश कमी येतो, पण वस्तूचा पुढचा आणि मागचा भाग एकाच वेळी स्पष्ट दिसतो. मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करतात ना, त्याच्या बरोबर उलट.

१५ जानेवारी १८८५ रोजी, विसावा वाढदिवस पंचवीस दिवसांवर आलेला असताना, बेंटलीला हिमकणाचा पहिला स्वच्छ फोटो मिळाला.

श्वास रोखून काम

फोटो मिळाला म्हणजे काम सोपं झालं, असं नाही. पुढची ४६ वर्षं बेंटलीने प्रत्येक वादळात तेच केलं आणि साधारण एकाच पद्धतीने केलं.

घरामागे एक खोली होती, शेकोटी नसलेली. ती मुद्दाम तशीच ठेवलेली. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच आत. सगळी हत्यारंही तिथेच ठेवायची, म्हणजे ती गार राहतात. काचेला थोडीशी जरी ऊब असली, तरी कण टेकताक्षणी पाणी.

बर्फ पडायला लागला की तो काळा रंग दिलेली फळी घेऊन दारात उभा राहायचा. फळीवर कण पडले की आत यायचं. नको असलेले कण पिसाने झटकायचे. एखादा चांगला दिसला, तर लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा. पिसाच्या टोकाने हलकेच दाबून सपाट करायचा. हे सगळं चालू असताना श्वास रोखून धरायचा, कारण तोंडाची वाफ लागली की खेळ खल्लास.

मग काच मायक्रोस्कोपखाली सरकवायची आणि सगळा कॅमेरा खिडकीकडे वळवायचा. फ्लॅश नाही, दिवा नाही. खिडकीतून येणारा ढगाळ दिवसाचा उजेड कणातून आरपार जायचा आणि काचेवर उमटायचा. ॲपर्चर बारीक असल्यामुळे हा उजेड पुरायला कधी काही सेकंद लागायचे, तर कधी दीड मिनिटापर्यंत थांबावं लागायचं.

तेवढ्या वेळात जमिनीला साधा हादरा बसला तरी फोटो गेला. कण विरघळायला लागला तरी गेला. थंडी कडक असेल तर कण वितळत नाही, पण हवेत विरून जातो. आधी टोकं बोथट होतात, मग नक्षी पुसते. म्हणून फळीवर पडल्यापासून फोटो होईपर्यंतचा सगळा कारभार मोजक्या मिनिटांत उरकायला लागायचा.

एखाद्या वादळात हाताला भरपूर चांगले कण लागायचे. कधी अख्खा आठवडा कोरडा जायचा. सकाळ-संध्याकाळ गायींच्या धारा काढायच्या होत्या, त्या काही चुकत नव्हत्या.

गावाला काय वाटत होतं?

थोडक्यात सांगायचं तर, येडा आहे असं वाटत होतं.

बेंटलीने लग्न केलं नाही. घराच्या एका भागात तो राहायचा, दुसऱ्या भागात थोरल्या भावाचं कुटुंब. माणूस स्वभावाने बुजरा असला तरी माणूसघाणा नव्हता. पियानो वाजवायचा, क्लॅरिनेट वाजवायचा, प्राण्यांचे आवाज काढून पोरांना हसवायचा. पण बर्फाचे फोटो काढण्यात एवढी काय मजा, हे गावाला कळत नव्हतं. ज्या बर्फाने रस्ते बंद होतात, गोठ्याचं छप्पर वाकतं, जो फावड्याने उपसून उपसून पाठ मोडते, त्याचे फोटो?

एकदा त्याने गावकऱ्यांसाठी आपल्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला. मॅजिक लँटर्नवर काचेच्या स्लाइड पडद्यावर दाखवायच्या होत्या. साधारण त्याच काळात आपल्याकडे कल्याणचे पटवर्धन शांबरिक खरोलिका या नावाने असेच खेळ करत होते. बेंटलीच्या कार्यक्रमाला तिकीट नव्हतं, हवाही छान होती. आले फक्त सहा जण.

या स्लाइड तो शाळा-कॉलेजांना विकायचा. किंमत पाच सेंट. दागिने घडवणारे आणि कापडावर नक्षी काढणारे कारागीरही त्याच्याकडून फोटो मागवू लागले. एवढ्या कमी दरात विकण्यामागे धंद्याचं गणित नव्हतंच. जास्तीत जास्त लोकांनी हे बघावं, एवढीच इच्छा. उतारवयात त्याने स्वतः हिशेब मांडला, तेव्हा वेळ आणि सामान धरून खर्च निघाला १५ हजार डॉलर आणि कमाई निघाली ४ हजार डॉलरच्या आत.

दोन हिमकण सारखे नसतात, हे कुठून आलं?

पहिल्या फोटोनंतर तब्बल तेरा वर्षं बेंटलीचं काम शास्त्रज्ञांच्या जगाला जवळपास माहीतच नव्हतं. मग व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांनी त्याचे फोटो पाहिले आणि त्याला लिहायला लावलं. मे १८९८ मध्ये पॉप्युलर सायन्स मंथली या मासिकात दोघांच्या नावाने लेख आला.

त्यानंतर बेंटली थांबला नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मंथली वेदर रिव्ह्यू या नियतकालिकात त्याचे लेख आणि फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोसोबत तो तापमान, वारा, ढग आणि वादळाचा कुठला भाग डोक्यावर होता, याच्या नोंदी ठेवायचा. त्याचं म्हणणं होतं की हिमकणाचा आकार हा त्याच्या प्रवासाचा हिशेब असतो. ढगातून खाली येताना तो ज्या ज्या हवेतून गेला, तिची खूण त्याच्यावर उमटते.

यातूनच त्याचं ते प्रसिद्ध निरीक्षण आलं. हजारो फोटो काढूनही त्याला हुबेहूब सारखे दोन हिमकण सापडले नाहीत.

यामागचं कारण आता आपल्याला ठाऊक आहे. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, म्हणून कणाला सहा बाजू. पण त्या बाजू किती वाढणार, फांद्या कुठे फुटणार, हे तापमान आणि दमटपणा ठरवतो. दोन कण ढगातून अगदी एकाच वाटेने खाली येत नाहीत, म्हणून दोघांची नक्षी जुळत नाही. एकाच कणाच्या सहाही फांद्या मात्र एकत्रच प्रवास करतात, म्हणून त्या एकमेकींसारख्या दिसतात.

१९०३ मध्ये त्याने आपल्या फोटोंचे सुमारे ५०० प्रिंट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवून दिले. लाकडी घर, काचेच्या प्लेटा. एखादी आग लागली असती, तर अख्खं आयुष्य गेलं असतं. आपल्यानंतर हे कुठेतरी सुरक्षित राहावं, म्हणून केलेली ही सोय होती.

हे फोटो एडिट केलेले आहेत का?

आज कुठलाही भारी फोटो आला की पहिली कमेंट असते, फोटोशॉप आहे. बेंटलीच्या नशिबीही ते आलं आणि ट्रोल करणारा माणूस साधासुधा नव्हता.

बर्लिनमधले हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव्ह हेलमान यांनी १८९३ मध्ये हिमकणांवर पुस्तक काढलं होतं. त्यातले फोटो रिखार्ड नॉयहाउस यांचे. त्या फोटोंतले कण बऱ्याचदा ओबडधोबड, एखादी फांदी तुटलेली, एक बाजू आखूड. बेंटलीचे कण मात्र काळ्याभोर पार्श्वभूमीवर, रेखीव आणि एकसारखे. हेलमान यांनी थेट आरोप केला की बेंटली फोटोत फेरफार करतो.

खरं काय होतं?

हिमकण पारदर्शक असतो आणि उजेड मागून येत होता. त्यामुळे मूळ फोटोत कण आणि त्याच्या मागची जागा दोन्ही उजळ दिसायचे. कण उठून दिसावा म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत काढायचा आणि त्या प्रतीवर कणाच्या कडेकडेने रसायनाचा थर धारदार चाकूने खरवडून टाकायचा. तेवढी जागा प्रिंटमध्ये काळी यायची. एकेका प्लेटला कित्येक तास लागायचे. मूळ निगेटिव्हला तो हात लावत नव्हता आणि कणाच्या आतल्या नक्षीलाही नाही. बेंटलीच्या मते हा खोटेपणा नव्हता, उलट खरा आकार नीट दिसावा म्हणून घेतलेली मेहनत होती.

पण कडा हाताने कोरल्या की काठावरची एखादी बारीक खाच जाऊ शकते, हा हेलमान यांचा मुद्दाही हवेतला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आभाळातून पडणारे बहुतेक हिमकण सुबक नसतातच. तुटके, एकमेकांत अडकलेले, वेडेवाकडे कण कितीतरी जास्त. बेंटली पिसाने ते झटकून टाकायचा आणि देखणे निवडायचा. म्हणजे फोटो खरे होते, पण ते सगळ्या बर्फाचे प्रतिनिधी नव्हते. आपल्या मनातला हिमकण इतका सुंदर आहे, कारण एका माणसाने ४६ वर्षं सुंदर कणच वेचले.

पीठ आणि पाऊस

बेंटलीला फक्त देखण्या गोष्टींचा नाद होता, असं मात्र म्हणता येणार नाही. त्याचं एक काम फोटोंपुढे झाकोळून गेलं. ते पावसाचं.

पावसाचा थेंब केवढा असतो? प्रश्न सोपा, पण पडता थेंब मोजणार कसा? बेंटलीने स्वयंपाकघरातलं पीठ घेतलं. परातीसारख्या भांड्यात इंचभर चाळलेलं पीठ पसरलं आणि ते क्षणभर पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी तयार झाली. गोळ्या वाळल्या की त्या मोजायच्या. गोळी आणि थेंब यांचा आकार जुळतो का, हे तपासायला त्याने आधी माहीत असलेल्या मापाचे थेंब उंचावरून पिठात टाकून पाहिले.

१९०४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. सगळ्यात मोठे थेंब पाव इंचाच्या, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास भरतात, असं त्याला आढळलं. पावसाचे काही थेंब मुळात ढगातल्या बर्फाच्या कणांपासून बनतात आणि खाली येताना वितळतात, हेही त्याने मांडलं. शास्त्रज्ञांनी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. ढगातल्या बर्फापासून पाऊस कसा तयार होतो, याचा सिद्धांत १९३० च्या दशकात पुढे आला आणि मान्यही झाला. १९४३ मध्ये जमिनीची धूप अभ्यासणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी थेंब मोजायला पुन्हा पीठच वापरलं.

आज महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे डिसड्रोमीटर नावाचं यंत्र सह्याद्रीच्या पावसाचे थेंब मोजतं. यंत्र बदललं, पण प्रश्न तोच आहे, जो बेंटलीने पिठाच्या भांड्याला विचारला होता.

पंचवीस डॉलरचा सन्मान

वय वाढलं तसं नाव झालं. वर्तमानपत्रांनी त्याला स्नोफ्लेक मॅन केलं. १९२० मध्ये अमेरिकन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीने त्याला फेलो म्हणून निवडलं. १९२४ मध्ये या संस्थेने संशोधनासाठी पहिल्यांदाच अनुदान द्यायचं ठरवलं आणि ते बेंटलीला दिलं. चाळीस वर्षांच्या चिकाटीची दखल म्हणून मिळालेली रक्कम होती २५ डॉलर. म्हणजे वडिलांनी पहिल्या कॅमेऱ्यावर खर्च केले, त्याच्या एक चतुर्थांश.

तरी त्याला एका गोष्टीची आस होती. आपले फोटो एका पुस्तकात यावेत. हवामान खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी मजकूर लिहायची जबाबदारी घेतली आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये मॅकग्रॉ-हिल या प्रकाशनाने स्नो क्रिस्टल्स हे पुस्तक काढलं. त्यात २,४०० पेक्षा जास्त फोटो होते. पाच हजारांहून अधिक प्लेटांमधून निवडलेले.

बेंटली तेव्हा ६६ वर्षांचा होता. पुस्तक हातात आल्यावर काही आठवड्यांतच तो बर्फाच्या वादळात सापडला आणि जवळपास दहा किलोमीटर चालत घरी आला. त्यातून न्यूमोनिया झाला. २३ डिसेंबर १९३१ रोजी, ज्या घरात जन्मभर राहिला त्याच घरात तो गेला.

त्याच्यानंतर काय झालं?

त्याचं पुस्तक जपानमधल्या होक्काइडो बेटावर उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या हातात पडलं. नाकाया यांनी ठरवलं की फोटो काढून थांबायचं नाही, हिमकण बनवायचा. १२ मार्च १९३६ रोजी त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. मग वेगवेगळ्या तापमानाला आणि दमटपणाला कुठला आकार येतो, याचा तक्ताच तयार केला. उणे १५ अंशांच्या आसपास फांद्यांची चांदणी, उणे ५ च्या आसपास सुया. हिमकणाच्या आकारात त्याच्या प्रवासाचा हिशेब असतो, हा बेंटलीचा अंदाज आता मोजमापाने सिद्ध झाला. नाकाया यांनी वेडेवाकडे, तुटके कणही वगळले नाहीत, त्यांचीही नीट नोंद केली.

आणि दोन हिमकण सारखे नसतात, त्याचं काय? १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधिकेला मायक्रोस्कोपखाली अगदी एकसारखे दिसणारे दोन कण सापडले. ते नक्षीदार चांदणीचे नव्हते, साधे पोकळ खांबासारखे होते. साधा आकार जुळू शकतो, नक्षी जेवढी गुंतागुंतीची तेवढी जुळणी अशक्य होत जाते. बेंटलीने चांदण्याच वेचल्या होत्या, त्यामुळे त्याचं निरीक्षण त्याच्या फोटोंपुरतं बरोबरच होतं.

त्याच्या काचेच्या प्लेटांचा मोठा संग्रह आज बफेलो म्युझियम ऑफ सायन्सकडे आहे. जेरिकोतल्या जुन्या लाल गिरणीत त्याचं छोटं संग्रहालय आहे. ज्या गावात कार्यक्रमाला सहा जण आले होते, तिथे आता त्याचा कॅमेरा बघायला बाहेरून लोक येतात.

मग जुनी लेन्स आजही का चालते?

साधी लेन्स समोरच्या मोठ्या जगाला छोट्या सेन्सरवर बसवण्यासाठी बनवलेली असते. मॅक्रोमध्ये गणित उलटं होतं. वस्तू इवलीशी आणि तिची प्रतिमा मोठी. म्हणून लेन्सही उलटी लावली की ती जास्त चांगलं काम करते. जुन्या लेन्सचं ॲपर्चर हाताने रिंग फिरवून बदलता येतं, त्यामुळे तिला कॅमेऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक हुकमाची गरज पडत नाही. मायक्रोस्कोपची जुनी लेन्स भात्याच्या टोकाला लावणारेही बरेच आहेत. ती तर थेट बेंटलीचीच जोडणी.

एक मोठा फरक पडलाय. बेंटलीने बारीक भोकाची चकती वापरून कण स्पष्ट केला, पण भोक फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि बारकावे पुन्हा धूसर होतात. त्याला ही तडजोड करावीच लागली. आज फोकस किंचित किंचित सरकवत अनेक फोटो काढतात आणि कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एकच फोटो जोडतो. पार्श्वभूमी काळी करायला चाकू लागत नाही. दीड मिनिट थांबावंही लागत नाही.

बाकीचं सगळं तसंच आहे. सामान आधी थंड करून ठेवायचं. काळ्या पृष्ठभागावर कण झेलायचा. मोजक्या मिनिटांत उरकायचं. आणि शटर दाबेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

नवा कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या कुणालाही बेंटलीची गोष्ट जरूर सांगा. त्याने १८८० च्या दशकात मिळालेल्या जोडणीवर १९३१ पर्यंत काम केलं. तेवढ्या काळात विमान आलं, रेडिओ आला, बोलपट आला, फिल्मचे छोटे कॅमेरे घराघरांत पोचले. जेरिकोतल्या त्या गार खोलीत मात्र तोच भाता, तीच काळी फळी आणि तेच पीस होतं.